रेहानाबाईंची पत्र्याची शाळा

फ्रीमाँट, अमेरिका, ४ मे २००६

प्रिय शरू,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. देवांग आणि सूनबाई जपतात, नातवंडांचं इंग्रजी मी सुधारते.

शेजारच्या रेहानाबाई बांगलादेशच्या. काल चहाला गेले आणि विचारलं, "तुमच्याकडे मुलींना शाळेत तरी पाठवतात का?" माझी जीभ तुला ठाऊक आहे.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मी नदीतल्या बेटावर मुलींची शाळा चालवली. नदी बेट खायला लागली की शाळेचे पत्रे सोडवून होडीत घालायचे, दुसऱ्या बेटावर उभे करायचे. असं सातदा केलं. तरी निम्म्या मुली लग्नासाठी, नाहीतर भांडी घासायला आईबाप काढून न्यायचे. तुमच्याकडे भांडी कोण घासतं?"

"काजल," मी म्हणाले. बारा वर्षांची काजल! मी, निवृत्त हेडमिस्ट्रेस, तिची शाळा सोडवून तिला कामाला ठेवलं आणि निघताना तुझ्याकडे सोपवलं. वर "तेवढाच तिच्या आईला हातभार" म्हणाले.

शरू, जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तिचं नाव घालून ये. भांड्यांचं काय, असं विचारू नकोस. वीस तारखेला मी येतेय, मी घासीन.

गुडघा शेकतेस ना?

तुझी, स्वतःचीच लाज वाटणारी,
ताई