चौथी सही

२ फेब्रु. ९४, बुध.
वसाहतीच्या ऑफिसची नोटीस लागली. आमचा ब्लॉक चार नंबर, तिसरा टप्पा. एप्रिलच्या आत नव्या इमारतीत जायचं, मग हा ब्लॉक पाडणार. तेरा वर्षं या घरात काढली, पण मला आधी काय दिसलं, तर नोटिशीवर जावक क्रमांक नाही! आवक-जावकच्या टेबलावर जन्म गेला की माणसाचं असं होतं.
नवीनच अट आहे. नव्या इमारतीत मजल्याला चार घरं. चार बिऱ्हाडांनी मिळून एक फॉर्म भरायचा, चौघांच्या सह्या केल्या की तो मजला त्यांचा. ज्यांचं जमणार नाही त्यांनी नावाची चिठ्ठी पेटीत टाकायची, सोडतीत येईल ते घर. दोन्ही केलं नाही तर पुढच्या टप्प्यापर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये. आणि एकाचं नाव दोन्हीकडे सापडलं तर चिठ्ठीही बाद, चौघांचा फॉर्मही बाद. शेवटची तारीख २८, संध्याकाळी पाच.
शेजारी आपण निवडायचे म्हणे. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे.

५ फेब्रु., शनि.
जिन्यात नुसती कुजबुज. स्थळं बघावीत तशी माणसं एकमेकांना बघतायत. समोरच्या कोकिलाबेननी दारातच गाठलं. "बेन, तमे कोनी साथे?"
म्हटलं, कोणाबरोबर ते बघू, घाई काय आहे.
घाई नाही कसली, कोणी विचारलेलंच नाही.

८ फेब्रु., मंगळ.
इंजिनिअर येऊन गेला, पुण्याचा आहे, मिशी अजून नीट फुटायची आहे. खोलीभर नजर फिरवली. "टिपणीसबाई, आपण एकट्याच?" हो म्हटलं. रकान्यात '१' लिहिलं आणि शेजारचे घरच्या माणसांचे तीन रकाने एका रेघेत उडवले. त्याची काय चूक? पण मी एक्कावन्न वर्षांची बाई, तो गेल्यावर वहीत तशीच रेघ ओढून बघत बसले.
नाशिकहून इथे सिलवासाला आले तेव्हा वाटायचं, दोन वर्षांत बदली मागू. मागितली नाही. तिथे तरी कोण होतं?

११ फेब्रु., शुक्र.
ब्लॉकमध्ये जवळजवळ सगळ्यांचं जुळलं. मी हिशेबाबाहेर. नाकावर टिच्चून म्हणावं, मला गरज नाही, पण ते कोणाला सांगू?
खरं ते लिहिते. मला कोणी का घ्यावं? तेरा वर्षांत या ब्लॉकमधून अकरा लेखी तक्रारी गेल्या, सगळ्या माझ्या. जिन्यातल्या सायकली, गॅलरीतले पापड, पाण्याची मोटर. सगळ्यांच्या कार्बन प्रती फाइलला आहेत.
नववी तक्रार ८८ ची. वरच्या मजल्यावर विमल पाटील, अमळनेरकडची, नवरा मसाटला सूत कारखान्यात. तिचा दीर सुकदेव त्यांच्याकडे राहायचा. नियमात बसत नव्हतं. मी अर्ज केला. आठ दिवसांत त्याला ट्रंक घेऊन जावं लागलं. तेव्हापासून वि. माझ्याशी बोलत नाही. सहा वर्षं झाली.
नियमाने मी बरोबर होते.

१३ फेब्रु., रवि.
को.बेनकडून कळलं. त्यांचा फॉर्म वि.च्या बरोबर आहे. वि., को.बेन, तळमजल्यावरचे ड्रायव्हर तिवारी. चौथं बिऱ्हाड वापीला निघून जातंय, म्हणून जागा रिकामी. "विमलबेनने पूछो ने," असं म्हणून बाई भाजी निवडायला लागल्या.
पूछो म्हणे! सहा वर्षं ती जिन्यात मला भिंतीसारखी ओलांडून जाते. दोनदा पहिल्या पायरीपर्यंत गेले, दोन्हीदा परत आले. जिभेला काही सुचतच नाही. मला कागदावरच सुचतं.

१५ फेब्रु., मंगळ.
लिहिला. "विषय: मजल्याच्या फॉर्ममध्ये समावेश होणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून..." स्वच्छ अक्षरात, खाली सही, तारीख. ऑफिसला जाताना वि.च्या दाराखालून सरकवला.
दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आवकमध्ये एकाच पत्राला दोन नंबर टाकले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१६ फेब्रु., बुध.
वि. आली! मी कुकर लावत होते. दारात उभी, हातात माझा अर्ज.
"बाई, कागद कसाले? तोंड नही का तुमले?"
ती आत आली, माझ्या खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. फॉर्म पुढे केला. "सही करा. पन फॉर्म मन्हाजोडे राही. घर सुकदेवनं गयं व्हतं, मन्हं नही. सत्तावीसले तो येई. त्याले इचारसूत. तो हा म्हनी तर भरसूत. नही म्हनी तर दुसरा देखसूत."
मी विचारलं, त्याला माहीत आहे का, अर्ज कोणाचा होता ते.
"नही. मी सांगं नही. तुम्ही सांगा."
सही केली. 'टि' ची वेलांटी लांब गेली. ती निघून गेल्यावर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही, भाताची खीर झाली. तीच खाल्ली.

२० फेब्रु., रवि.
तीन नंबर पाडायला सुरुवात. सकाळपासून घणांचे आवाज. माणसं गेलेली, दारं-चौकटी काढून नेलेल्या. एका भिंतीवर कोणाच्या तरी पोरांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा अजून दिसत होत्या. आमच्याही ब्लॉकमध्ये वरची दोन घरं रिकामी झाली. दूधवाला म्हणाला, एका पिशवीसाठी जिना चढणार नाही, खाली येऊन घ्या. घेतली.
भीती वाटते. शेडची नाही. कोणालाच नको आहोत, हे आता फॉर्मवर येईल, त्याची वाटते. आजवर कागदावर नव्हतं, म्हणून चालून गेलं.

२४ फेब्रु., गुरु.
को.बेन सांगत होत्या, मसाटचा एक फोरमन चौथ्या जागेसाठी तिवारींच्या मागे लागलाय. सुखी कुटुंब, बायको हसतमुख, शिवाय नवीन रंगीत टी.व्ही. म्हणजे सुकदेव नाही म्हणाला तर फॉर्म फाडायचा, नवा भरायचा, पाच मिनिटांचं काम. मला मग उरते ती सोडतीची पेटी. पण पाचच्या आत चिठ्ठी टाकायची तर त्यांचा निर्णय आधी कळायला हवा. नाहीतर शेड.
को.बेन जाता जाता म्हणाल्या, "बेन, तमे हसता केम नथी?" मी हसून दाखवलं. त्या घाबरल्या असाव्यात.

२७ फेब्रु., रवि.
सुकदेव आला. दुपारी वि. ने वर बोलावलं. तिच्या घरात मी पहिल्यांदाच गेले. तिचा नवरा शिफ्टला गेलेला. सुकदेव सदतीस-अडतीसचा, केस पिकलेले. खेरडीला एका वाडीवर राखणदार आहे, तिथल्याच खोपटात एकटा राहतो. मला बघून उठला, स्टूल पुढे केलं. चांगला माणूस. त्यानेच माझा धीर घालवला.
चहा झाला. तो बोलत होता. तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं. "पोरीना बापनी इचारं, सिलवासाले खोली शे का? मी सांगं, भाऊजोडे शे. मंग खोली गयी." बशी कपावर झाकून ठेवली.
वि. माझ्याकडे बघत होती.
म्हटलं, "तो अर्ज माझा होता."
त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "नियमना करता?"
हो म्हणायचं होतं. सहा वर्षं मी स्वतःला तेच सांगितलंय. पण तोंडातून निघालं, "नाही. तुम्ही तिघं जेवणं झाली की हसायचात. खाली ऐकू यायचं. मला सहन व्हायचं नाही."
असं मोठ्याने मी हे कधी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. तो उठून गॅलरीत गेला. पाठ करून उभा राहिला. वि. हळू आवाजात म्हणाली, "खाले जा, बाई. देखसूत."
माफी मागायची राहिली. तीच मागायला गेले होते ना!

२८ फेब्रु., सोम.
सकाळी आठला वर गेले. कुलूप. वि. पॅकिंगच्या कामावर, सुकदेव बहुधा खेरडीला. को.बेनना काही माहीत नाही, "फॉर्म तो विमलबेन पासे." तिवारी गाडी घेऊन सुरतला.
अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चार वाजता वसाहतीच्या खिडकीपाशी गेले. नावाची चिठ्ठी पर्समध्ये तयार होती. खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, चार नंबरचे फॉर्म बघता येतील का. म्हणाला, गठ्ठे बांधून सील केले, उद्या उघडतील. मीही हेच उत्तर दिलं असतं.
रांगेत उभी राहिले. पुढे सहाजण, मग तिघं, मग मी. चिठ्ठी टाकली की घर नक्की. कुठल्यातरी मजल्यावर, अनोळखी माणसांत, पण नक्की. आणि वि. ने माझ्या सहीचा फॉर्म भरला असेल तर? दोन्हीकडे नाव, चौघांचाही बाद. ती, को.बेन, तिवारी, तिघंही माझ्यामुळे पत्र्याखाली. पुन्हा एकदा माझ्या कागदाने. आणि भरला नसेल तर ही चिठ्ठी न टाकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.
कारकून म्हणाला, "बाई, टाका ना. पाच वाजत आले."
म्हटलं, "नाही टाकायची."
"नाही? मग फॉर्म भरलाय का?"
"माहीत नाही."
त्याने माझ्याकडे असं बघितलं! त्याच्या जागी मी असते तर असंच बघितलं असतं. बाजूला झाले. पाचला खिडकी बंद झाली.
आता साडेसहा. वि. वर आली आहे, चपला वाजल्या. माझ्या दारापाशी पावलं थांबली असं वाटलं, पण खात्री नाही. मी दार उघडलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं की कळेल. आज एवढा एक दिवस मी कोणाच्यातरी भरवशावर आहे. हे कधी केलं नव्हतं, फार भीती वाटते आणि तरी पुसून टाकावंसं वाटत नाही.
शेडमध्ये माझं कपाट मावतं का, ते उद्या सकाळी टेप घेऊन मोजून यायला हवं. मोजायची गरज पडणार नाही, असं मघापासून कुठेतरी वाटतंय. तेही लिहून ठेवते.