मी कागदाकडे बघत नव्हते

प्रिय लायल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न उघडता ठेवून दिलंस, तर मला राग येणार नाही. पण उघडलं असशील तर शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते. दोन वर्षं आणि चार महिने झाले. मे महिन्यातल्या त्या शनिवारबद्दल तुला सांगायचं आहे, आणि तू जे धरून चालला आहेस त्याहून ते वाईट आहे.

आधी इकडची खबर सांगते, म्हणजे माझा हात जरा सैल होईल. खाणीतली नेमबाजीची रेंज अजून चालू आहे. मार्चच्या पुरात मागचा मातीचा बांध खचला होता, तो ग्लेनने नव्याने भरून घेतला. त्याचा गुडघा बदलला, आवाज मात्र तोच. क्लबचं अध्यक्षपद सोडतो म्हणतो आणि निवडणुकीच्या दिवशी स्वतःच हात वर करतो. नेम धरायची पुठ्ठ्याची माणसं अजून त्याच गोदामात कापली जातात. भर जुलैत, नियम म्हणून, पिस्तूल झाकायला जाकिटं घालून घामाने निथळणारे म्हातारे तेच आहेत, दोनचार कमी झाले इतकंच. मी वाचनालयात मंगळवारी आणि गुरुवारी पुस्तकं लावायला जाते. दहावीनंतर शाळा सुटलेली बाई आता लोकांना कुठलं पुस्तक घ्या ते सांगते. माझा ऑरिन असता तर म्हणाला असता, "बघा, आमच्या प्रोफेसरबाईंना अखेर नोकरी लागली."

प्रत्येक सामन्याच्या गोष्टी तो लिहायचा ते तुला आठवत असेल. बाकीच्या क्लबांत नुसतं लिहितात, तीन लक्ष्यं, दोन दोन गोळ्या. आपल्याकडे ऑरिनचं असायचं, "तुम्ही सासूबाईंकडे जेवायला बसला आहात, टर्की अजून कच्ची आहे, आणि तेवढ्यात दारातून दोन दरोडेखोर शिरतात. सासूबाईंना गोळी लागल्यास पाच सेकंद दंड, कितीही मोह झाला तरी." मी त्याचं शुद्धलेखन सुधारायची आणि तू मागून ओरडायचास, "ऑरिन, मोहाचे पाच सेकंद मी आनंदाने भरतो!"

त्या शनिवारी गोष्ट किराणा दुकानाची होती. ढकलगाडीमागून सुरुवात करायची, पुठ्ठ्याचे तीन चोर टिपायचे, मोकळे हात रंगवलेली बाई मध्ये उभी होती तिला वाचवायचं, मग डावीकडच्या पिंपामागे सरकत गोळ्यांचं मॅगझिन बदलायचं आणि उरलेले दोघे टिपायचे. दोन्ही बाजूंना नारंगी खुंट्या होत्या. पिस्तुलाचं तोंड त्या खुंट्यांच्या मागे कधी येता कामा नये, आलं तर तो माणूस बाद, मग त्याने क्लब स्थापन केलेला का असेना. तू पंच होतास, ऑरिनच्या खांद्यामागे टायमर धरून. मी डावीकडे पाच पावलं मागे होते, गुणांचा कागद घेऊन. ऑरिन पिंपाकडे सरकला आणि तू ओरडलास, "थांब!" इतक्या वर्षांत तुझा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

ऑरिन आधी हसलाच. "चष्मा बदल, म्हाताऱ्या." मग त्याला तुझा चेहरा दिसला. तू म्हणालास, "बाद, ऑरिन. तोंड खुंटीच्या मागे आलं." तो म्हणाला, "माझा हात समोर होता, देवाशपथ समोर होता." आणि लायल, तो खोटं बोलत नव्हता. तुम्ही दोघंही खरं बोलत होता. खोटं बोलायला तिथे तिसरं माणूस होतं. ग्लेन आला, दोघांचं ऐकलं, डोकं खाजवलं. तेव्हा तू माझ्याकडे वळलास आणि तुझा सगळा चेहरा सैल झाला, साक्षीदार भेटल्यासारखा. "मेवीसला विचार ना. ती तिथेच उभी होती. मेवीस, तू पाहिलंस ना?"

मी म्हणाले, "मी कागदाकडे बघत होते."

मी कागदाकडे बघत नव्हते. मी ऑरिनकडेच बघत होते, दर वेळी बघायची तशी. तो फिरला, आणि मला त्या नळीचं तोंड गोल दिसलं. बाजूने दिसतं तसं लांबट नाही, गोल. पापणी लवेपर्यंतच, पण ते माझ्यावर होतं. मॅगझिन बाहेर होतं, पण नळीत एक गोळी होतीच.

तू ओरडलास तो नियमासाठी नव्हे, माझ्यासाठी. आणि तुला हे दिसलं होतं हे मला माहीत आहे, कारण तुझे डोळे आधी माझ्याकडे आले, मग त्याच्याकडे गेले. तरी त्या दिवशी आणि नंतरही तू फक्त "खुंटीच्या मागे" एवढंच म्हणालास. "तुझ्या बायकोवर" असं म्हणाला असतास तर ऑरिनने तिथल्या तिथे कमरेचा पट्टा सोडून ठेवला असता आणि पुन्हा पिस्तुलाला हात लावला नसता. ते तू त्याला सांगू शकला नाहीस. तू त्याला वाचवलंस आणि मी तुला बुडवलं.

तसं का बोलले, हे मी बरेच महिने स्वतःला सांगत आले आहे. बावीस वर्षांत तो एकदाही बाद झाला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. सगळे थांबून बघत होते. मला वाटलं, ही काय मोठी गोष्ट आहे, बुधवारी सकाळी हे दोघं नेहमीप्रमाणे नाश्त्याला भेटतील, अंडी आणि बटाटे खाताना हसतील आणि मिटवून टाकतील. ग्लेन म्हणाला, "साक्ष नाही, तर बाद नाही. ऑरिन, पुन्हा मार." त्याने पुन्हा मारलं, नीट मारलं, आणि तो सामना जिंकला. तू तुझी पाळी आधीच मारली होतीस, आणि दुसरा नंबर तुझा होता. कुणीतरी मागून म्हणालं, "काय रे लायल, म्हातारपणी दुसरा नंबर फार टोचतो का?" लोक हसले. तू टायमर टेबलावर ठेवलास, अगदी हळू, जणू काच होती, आणि गाडीकडे चालू लागलास. मी कागदावर ऑरिनची वेळ लिहीत होते. त्या वेळी मात्र मी खरंच कागदाकडे बघत होते.

आता यापुढचं, जे तुला माहीत नाही. घरी येताना धान्याच्या कोठारांपाशी ऑरिनने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाला, "मेवीस, खरं सांग. माझा हात गेला होता का? लायल उगाच बोलणारा माणूस नाही गं. मला तो समोरच वाटला. पण लायल उगाच बोलत नाही." तिथे ग्लेन नव्हता, लोक नव्हते, कान लाल नव्हते. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "नाही रे. लायलची नजर गेली आहे." त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली. पुढच्या आठवड्यात त्याने तुझा नंबर लावायला घेतला, तर मी म्हणाले, "त्याला करू दे ना आधी. चूक त्याची आहे." त्याने फोन ठेवला. तो माझं ऐकायचा, हे तुला माहीत आहे.

उन्हाळ्यात तो दाराच्या डाव्या चौकटीवर आपटू लागला. ताटातल्या डाव्या बाजूच्या घेवड्याच्या शेंगा तशाच राहायच्या. मला वाटलं शेंगांचा कंटाळा आला, म्हणून मी मका करू लागले. मक्याचंही तेच, डावीकडचा तसाच. जानेवारीत डोकं दुखून तो पडला तेव्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी चित्र दाखवलं. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. त्या म्हणाल्या, अशा माणसाला आपली डावी बाजूच कळेनाशी होते, हात कुठवर गेला ते त्याला समजत नाही, आणि आपल्याला समजत नाही हेही समजत नाही. मग विचारलं, "आधी कधी असं काही झालं होतं का? कुणाच्या लक्षात आलं होतं?" मी म्हणाले, नाही. ऑरिन पलंगावरून माझ्याकडे बघत होता. त्या बाई बाहेर गेल्यावर म्हणाला, "मग लायल बरोबर होता की काय?" मी त्याचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाले, "आता ते कशाला आठवतोस?" सहा महिन्यांनी तो गेला. आठ महिने आधी कळलं असतं तर गाठ लहान असती, असं त्या बाईंनीच नंतर सांगितलं. वाचला असता असं त्या म्हणाल्या नाहीत. वाचला नसता असंही म्हणाल्या नाहीत.

तू अंत्यविधीला आला होतास. चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर. नंतर सगळे खाली जेवायला उतरले तेव्हा मी खिडकीतून तुझी गाडी निघताना पाहिली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. नवरा शवपेटीत आहे, त्याचा सगळ्यांत जुना मित्र उपाशी परत चालला आहे, आणि बाईला सुटल्यासारखं वाटतंय. पुस्तकांत अशा माणसांना झोप लागत नाही. मला लागते, लायल. मी नीट जेवते, टोमॅटो लावते. मग सकाळी भांडी घासताना तो गोल दिसतो आणि हात पाण्यात तसेच राहतात.

गेल्या शनिवारी मी पुन्हा रेंजवर गेले. ग्लेन तीनदा येऊन म्हणून गेला होता, गुण लिहायला कुणी नाही, तुझ्याशिवाय कुणाला बेरीज येत नाही. आमच्या गटात डार्ला नावाची एक बाई होती, नवीनच, शाळेची बस चालवते. पाचव्या वेळेलाच आली असेल. पिंपासारख्याच एका आडोशामागे मॅगझिन बदलताना तिचा हात मागे आला. पंच म्हणून कोल्बी नावाचा माणूस होता, तोही नवखा. त्याने "थांब" म्हटलं, पण मग अडखळला. ती म्हणाली, "नाही, मागे नव्हता." तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही पाहिलंत का?"

मी म्हणाले, "हो. पाहिलं."

बस. डार्लाने एक शिवी हासडली, पिस्तूल रिकामं करून दाखवलं, गाडीत ठेवून आली, आणि उरलेला दिवसभर पुठ्ठ्यांवरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावत राहिली, बाद झालेला माणूस आपल्याकडे लावतो तशा. दुपारी माझ्याशेजारी बसून तिने अंड्याचं सँडविच खाल्लं. म्हणाली, "तुमच्यावर राग होता तासभर. आता भूक लागली." कुणी तिच्याकडे बघून हसलं नाही. तीन वाजता ती सगळ्यांना हात करून घरी गेली. लायल, एवढंच होतं ते. तेवढ्यासाठी मी तुझं नाव आणि ऑरिनचे आठ महिने दिले.

सामना संपल्यावर ग्लेनने सगळ्यांना थांबवलं. ऑक्टोबरचा सामना यापुढे ऑरिनच्या नावाने होणार आहे. त्याने ऑरिनच्या नावाची फळी रंगवून आणली होती, छान रंगवली आहे. मग त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "बावीस वर्षं, एकदाही बाद नाही! एकदा एकाने प्रयत्न केला होता, पण त्याचं काही जमलं नाही." लोक हसले. ज्यांनी तुला कधी पाहिलंही नाही तेही हसले. मी ग्लेनला ट्रकपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाला, "मेवीस, आता कशाला? ऑरिन गेला. लायल टेनेसीत लेकीजवळ सुखात आहे. कुणाचं काय भलं होणार आहे? फळी रंगवून झाली." तो वाईट माणूस नाही. आपण सगळे इथे असेच वागतो, माणूस मेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलतो, आणि त्याची किंमत जिवंत माणसाकडून घेतो.

मी हे पत्र दोनदा लिहिते आहे, एकसारखं. एक प्रत आज टपालात जाईल, म्हणजे गुरुवारपर्यंत तुझ्या हातात असेल. दुसरी मी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी घेऊन जाणार आहे. सकाळी नऊ वाजता पहिली गोळी सुटण्याआधी ग्लेन सगळ्यांना गोळा करून नियम सांगतो. तेव्हा फळीखाली उभी राहून मी हे वाचणार आहे, गाडीतलं आणि दवाखान्यातलं सगळं, एक ओळ न गाळता. ग्लेनला काल तसं कळवलं. त्याने अडवलं नाही. तू यावंस असं मी म्हणत नाही. मला माफ कर असंही म्हणत नाही, ते मागायचा हक्क ऑरिनच्या हयातीत होता आणि तेव्हा मी तो वापरला नाही. फक्त परक्यांच्या आधी तुला कळावं म्हणून हे लिहिलं. तू विचारलं होतंस, "मेवीस, तू पाहिलंस ना?" हो लायल. मी पाहिलं.

उशिरा खरं बोलणारी,
तुझीच
मेवीस