जवसाचं तेल आणि तुही बुटकी गाडी

प्रिय वंदना,

तू जाऊन आठ महिने झाले, आणि मी आज तुले पत्र लिहून राहिली. लिहून म्हणजे काय, मी बोलून राहिली आणि तुही पोरगी समता लिहून राहिली. मले अक्षर येत नाही हे तुले ठाऊकच आहे. तू दोनदा माह्यासाठी पाटी आणली, दोनदा मी तिच्यावर लसूण सोलला. आजच कावून लिहायचं? तर परवा, रविवारी, एक माणूस तुही मोटारसायकल विकत घ्यायला येणार आहे. त्याच्या आधी तुले एक गोष्ट सांगायची आहे. घरात ती मी कोणाजवळच बोलली नाही.

गाडी आली तो दिवस आठवते का? शोरूमचा माणूस सेक्टर दोनच्या आपल्या क्वार्टरसमोर उभा राहिला आणि चावी माह्या पोराच्या, प्रदीपच्या हातात द्यायला लागला. तू मधातच हात घातला. "चालवणार मी आहे, भैया." लांबडं हँडल, खाली बसकी सीट, पाय पुढं पसरून बसायचं. मी म्हटलं, "बाई, हे गाडी आहे का आरामखुर्ची? ड्युटीवर चालली का सिनेमाले?" तू म्हणाली, "आत्याबाई, साऱ्या गाड्या पाहिल्या. माहे दोन्ही पाय जमिनीले टेकतात अशी हे एकच आहे." खरंच होतं. तुही उंची केवढी, माह्या खांद्याएवढी. बुटक्या सुनेले बुटकी गाडी.

तीन महिने मी तिच्यावर बसली नाही. सून पुढं बसून चालवीन आणि सासू मागं धरून बसीन, लोक काय म्हणतीन? मग एक दिवस डोळे तपासायला जायचं होतं आणि ऑटो भेटला नाही. परत आली तेव्हा उतरायचंच जिवावर आलं होतं. तू हसली नाही. हसली असती तर मी पुन्हा बसली नसती, हे तुले बरोबर कळलं होतं.

चरोद्याच्या शेडमध्ये हप्ताभर रेल्वेचे डबे दुरुस्त करायची आणि रविवारी सुट्टी म्हणून घरी गाडी दुरुस्त करायची. तुले दुसरं काही सुचतच नव्हतं का वं? व्हरांड्यात गाडी डबल स्टँडवर, तू पोत्यावर, मी पाटावर. "आत्याबाई, चौदाचा पाना द्या." मी म्हणे, पान्यावर काय लिहिलं ते मले काय माहीत. मग तू शिकवलं. ज्याच्या तोंडात माही करंगळी जाते तो दहाचा, ज्याच्यात अंगठा जाते तो चौदाचा. त्या दिवसापासून मी कधी चुकली नाही. पाटीनं जे जमलं नाही ते तू पान्यानं केलं.

विश्वकर्मा पूजेले सारा सेक्टर आपापल्या गाडीले हार घाले. तू त्या दिवशी जुनं ऑइल काढून नवं टाके. शेजारची विचारे, "वंदना, पूजा नहीं करती?" तू म्हणे, "कर तो रही हूँ." हात कोपरापर्यंत काळे. मी तिले म्हटलं, आमच्या सुनेची पूजा अशीच हाय, प्रसाद घेऊ नको.

आता ते सांगते ज्याच्यासाठी बसली.

तो ताप उतरतच नव्हता. दवाखान्यात सातव्या दिवशी तू मले जवळ बोलावलं. मले वाटलं पोरीचं काही सांगशील, प्रदीपचं काही सांगशील. तू म्हणाली, "आत्याबाई, गाडीच्या साखळीले तेल पाजत राहाजा. उभ्या-उभ्या जंग लागते. समताले चालवायची आहे." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी तू गेली.

तेल म्हणाली तू, वंदना. कोणतं तेल ते नाही म्हणाली. आणि मीही विचारलं नाही.

माह्या घरात सगळ्यात चांगलं तेल कोणतं? माह्या भावानं भंडाऱ्याहून आणलेलं जवसाचं, लाकडी घाण्याचं. तेच तुह्या गाडीले दिलं. दर रविवारी डबल स्टँडवर मागचं चाक फिरवायची, वाटीतून चिंधीनं एकेका कडीले लावायची, तू लावायची तसंच. चटणीवर कमी घेतलं, पण साखळीले कमी केलं नाही. पुढं-पुढं चाक फिरायला जड जायला लागलं. मले वाटलं, मीच म्हातारी होऊन राहिली.

मंगळवारी समतानं बॅटरी चार्ज करून आणली, जुनं पेट्रोल काढलं, नवं टाकलं, आणि गाडी सुरू झाली. तुह्या गाडीचा आवाज आठ महिन्यांनी ऐकला. मी आत जाऊन बसली. मले पाहावलं नाही. पोरगी सेक्टर सहाच्या बाजाराकडं गेली आणि वळणावर साखळी उतरून मागचं चाक जाम झालं. हळू होती म्हणून वाचली, गुडघा तेवढा सोलला. तिथल्या मिस्त्रीनं पाहिलं आणि म्हणे, "बिटिया, चेन में गोंद डाला है क्या? एक-एक कड़ी अकड़ी पड़ी है." त्यानं नवी साखळी बसवून दिली. जुनी तिनं कागदात गुंडाळून घरी आणली.

प्रदीपनं ते पाहिलं. "काय टाकलं व्हतं?"

"कुछ नहीं डाला, बाबा."

"मोबाइलवर पाहून काहीतरी शिंपडलं असशील. खोटं नको बोलू."

"सच बोल रही हूँ."

"चावी दे. एक गेली माही. दुसरीले मी या गाडीवर बसू देणार नाही. रविवारी विकूनच टाकतो."

मी मेथी निवडत होती. दोघं गेल्यावर कागद उघडला आणि चटणीचा वास आला. आपल्या फळीवर जवसाचं तेल सांडलं की चार दिवसांत चामड्यासारखं चिकटून बसते, राखेनं घासलं तरी निघत नाही, हे मले लग्न होऊन आली तेव्हापासून ठाऊक. फळीचं ठाऊक होतं, साखळीचं सुचलं नाही. त्याच्यावर स्टील प्लांटची लाल धूळ बसली, आणि लाखेसारखं घट्ट झालं.

तेव्हाच उठून सांगायचं होतं. मी मेथीच निवडत राहिली. आज शुक्रवार. तीन दिवस बाप-लेक एका ताटलीतून घेतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मी दोघांले वाढून राहिली.

कावून बोलली नाही? लाज वाटली. तू मले एकच काम सांगून गेली आणि तेच मी बिघडवलं. पोरीचा पाय मोडला असता तर? हे मी कोणाले सांगू? म्हणून तुले सांगून राहिली.

इथं समतानं पेन ठेवला.

मी म्हटलं, लिही. ती म्हणे, "आजी, जवस का तेल? अपने चटनी वाला?" आणि हसायला लागली. मीही थोडी हसली. मग तिचं हसणं थांबलं. "तीन दिवस बाबा मले खोटी समजून राहिले. तू समोर बसली होती, आजी." मी म्हटलं, हो, बसली होती. "मी रात्री रडली ते पण ऐकलं तू." तेही ऐकलं. म्हटलं, हे सारं लिही, एक अक्षर सोडू नको, मले वाचता येत नाही म्हणून वाचवू नको. तिनं लिहिलं. मग वाचून दाखव म्हटलं, तर माहं गप्प बसणं तिनं दोन ठिकाणी लिहून ठेवलं आहे. राहू दिलं.

आता ती जरा मऊ झाली. म्हणते, "आजी, आईनं गिअर ऑइल लावायचं म्हणून कागदावर लिहून पान्यांच्या डब्यावर चिकटवलं होतं." पाहा, तिथंही तू लिहूनच ठेवलं. अवं, सासूले तोंडानं नसतं का सांगता आलं? एवढा एक राग माहा तुह्यावर राहू दे. बाकी सारे मी सोडले.

साखळी नवी आहे, गाडी बरी आहे. प्रदीपले राग गाडीचा नाही, मले कळते. तो भ्यायला आहे. त्याची भीती काढणं माह्या हातात नाही. पोरीवरचं खोटं काढणं माह्या हातात आहे.

तर वंदना, तुले शब्द देते. तो फर्स्ट शिफ्ट करून अडीचले येईन. बूट काढायच्या आधी, चहाच्या आधी, मी त्याले सांगीन की साखळीले गोंद माह्या हातचा आहे. हे पत्र त्याले वाचायला देणार नाही. तोंडानं सांगीन. ओरडला तर ऐकून घेईन. मग विचारीन, आता गाडी विकतो का? त्यानं नाही म्हटलं तर रविवारी समताच्या मागं पहिले मी बसीन. हो म्हटलं तर गाडी जाईन, आणि मी व्हरांड्यात उभी राहून तिले जाताना पाहीन. त्या दिवशी आत जाऊन बसणार नाही.

गेट वाजलं. समता म्हणते, आजी, जा.

तुही,
जवसवाली आत्याबाई