डावा कौल

आई,

मागच्या आठवड्यात पार्सल आलं. स्केटिंगच्या बुटांची आठ चाकं, चौदाशे रुपये. घोट्याला बांधायची पट्टी, साडेतीनशे. घरी आणून द्यायचे साठ वेगळे, जसं काही डोक्यावरून वाहून आणलं. तुझ्या नातीसाठी मागवलं. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती. आता आठवीत आहे आणि चाकांच्या बुटांवर एका पायाने गिरकी घेते. घ्यायची, असं म्हणायला हवं. उन्हाळ्यात गिरकी घेतानाच पडली आणि घोटा मोडला. डॉक्टर म्हणतात, हाड आता पक्कं आहे. पण मैदानावर नेली तरी ती कठडा सोडत नव्हती, दोन्ही पाय सिमेंटला चिकटवून उभी राहायची.

हाडापेक्षा माणसांनीच तिला जास्त मोडलं. प्लास्टर होतं तेव्हा शेजारपाजारची जी बाई येई ती चहा पिऊन, पायावर बोट दाबून बघायची. "मुलीच्या जातीला कशाला गो हे? लंगडी राहिली तर कोण करून घेईल हिला?" पोर समोर बसलेली. त्या बायकांचे कप विसळतानाही मला किळस यायची. आणि यावर कळस केला सासूबाईंनी. मला न सांगता गावी जाऊन देवाला कौल लावून आल्या. गुरवाने मूर्तीला फुलाचे कळे चिकटवले, यांनी विचारलं, पोरीने परत चाकांवर चढावं काय, आणि डावीकडचा कळा पडला. म्हणजे नाही. चपला काढायच्या आधी पोरीला सांगितलं, "देवाचीच ना आहे हो, बाय." तेव्हा मी तिचा चेहरा बघितला. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आई. त्याचीच मला शिसारी आली. आपली भीती नेऊन देवाच्या खांद्यावर ठेवायची आणि वर हात जोडायचे! हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आईला कोण बोलणार?"

तुझं स्वयंपाकघर आठवलं. मी शाळेतून येताना उतारावर सायकलवरून पडलेय, कोपर सोलवटलंय. आजी म्हणते, आजपासून सायकल बंद. तू चुलीपुढून मागे वळूनसुद्धा बघत नाहीस. "कोपर फुटलंय, सायकल बरी आहे ना? हळद लाव आणि जा परत त्याच उताराला." तेव्हा तुझा असा राग आला होता! पुढे लांज्याच्या व्यापाऱ्याला काजू घालून आलेल्या पैशांतून तू सायकलला घंटी आणलीस, एक शब्द न बोलता.

पण कौलाचं काय करायचं? मी देव मानते, सोमवार कधी मोडला नाही. म्हणून गेल्या सोमवारी पोरीला घेऊन मीच गावच्या त्याच देवळात गेले. गुरव कळे खुडायला लागला. म्हटलं, "राहू देत. मी विचारायला नाही आले, सांगायला आलेय." आणि हात जोडून देवापुढे गाऱ्हाणं घातलं, "हिला मी चाकांवर चढवणार आहे. दोष असेल तो माझ्या माथी, हिचा पाय सांभाळ."

"वहिनी, असं गाऱ्हाणं नसतं," गुरव म्हणाला.

"आज आहे."

संध्याकाळी मैदानावर नवी चाकं लावली. ती म्हणाली, "देवाने नाही म्हटलंय ना?" म्हटलं, "ते आता माझं आणि त्याचं. तू पाय उचल." माझा हात धरून निघाली, मी बाजूने चपला फटफटवत. मग हात सुटला. मधोमध गेली, पाय उचलला, अर्धी गिरकी झाली आणि धपकन बसली सिमेंटवर. मी धावत गेले. तर ही हसतेय! "आई, हा पाय बराय गो, ढुंगण मोडलं!" उठली आणि परत गेली.

सासूबाई तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. न घेवोत. पण काल पूजेला बसले तर मला देवाकडे बघवेना. चारचौघांत मान ताठ आहे, आतून घाबरलेय. हे पत्र पेटीत टाकून जाणार कुठे, तरी लिहिते. तू आता त्याच्या जवळ आहेस. माझ्यावर रागावला असेल तर असू दे. पोरीवर नाही ना, एवढं त्याला विचार आणि उलट टपाली कळव.