दुसरी फेरी

ता. २४, रविवार

ती. बाबा,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. तुमचे डोळे कसे आहेत? थेंब आठवणीने घालता, की भाऊ ओरडला की मगच? वहिनी, हे तू वाचून दाखवणार, म्हणून तुलाही लिहिते: हळू वाच आणि मधलं काही गाळू नकोस. मीच गाळायचं ठरवलं होतं, पण जमेना.

आधी हवा, कारण तुम्ही तेच आधी विचाराल. उन्हाळा सरत आला तरी उकाडा हटत नाही. समुद्र इतका तापलाय की सकाळी धक्क्याच्या पायरीवर पाय बुडवला तर पाणी कोमट लागतं. दुपारचं वारं येईनासं झालंय. आमच्या वेधशाळेच्या गच्चीवरचा वारा मोजायचा पंखा मान टाकून बसला, तर साहेब त्याला तेल घालून आले. मी म्हटलं, "साहेब, पंखा ठणठणीत आहे, वाराच रजेवर गेलाय." पाणी कसं, ताटात ओतल्यासारखं. एक सुरकुती नाही.

वादळ होतं, पण फार दूर, दक्षिणेला. इकडे ना ढग, ना थेंब. नुसत्या त्याच्या लाटा चालत आल्या. गुरुवारी दुपारी पहिली आली. फेस नाही, आवाज नाही. अख्खं पाणी वर उचललं गेलं आणि सावकाश खाली बसलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरी, तिच्याहून थोराड. मी धोक्याचा बावटा चढवायला सांगितला. वर लख्ख निळं आभाळ! धक्क्यावरचा चहावाला ओरडला, "बाई, आता छत्रीपण उघडा!" सगळे हसले. मीही हसले असते, पण दुर्बिणीतून मला बंदराबाहेरचा सपाट खडक दिसत होता, आणि त्यावर शिंपल्या वेचणाऱ्या बायका.

त्यांना सोडून होडीवाला निघून गेला होता, तो संध्याकाळी परतणार. बंदराची लाँच दुरुस्तीला वर काढलेली. मी जिना उतरून धावत धक्क्यावर आले. होड्या होत्या, पण माणूस पुढे होईना. तेवढ्यात गर्दीतून काका आले.

हो बाबा, काकाच. वहिनी, आवाज खाली करू नकोस.

मला म्हणाले, "पोरी, दादाच्या लाँचची किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

"असते."

"मग बघत काय राहिलीस?"

काका ही लाँच विकायची म्हणाले म्हणून तुम्ही त्यांना काय बजावलं होतंत, ते मला तोंडपाठ आहे. या लाँचवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. माझ्या देखतच बोलला होतात. त्या क्षणी ते आठवलंसुद्धा. तरी मी किल्ली दिली. ते एवढंच म्हणाले, "वर जा. वरून लाटा दिसतील. आत कधी शिरायचं ते वायरलेसवर तू सांग."

पहिल्या फेरीत त्यांनी सगळ्या बायका आणल्या. लाटांची एक रांग येऊन गेली की मध्ये थोडी उसंत मिळते. मी "आता" म्हणायची आणि ते बंदराच्या तोंडातून सुळकन आत. चहावाला स्वतः बायकांना हात देऊन उतरवत होता. मग त्यातली एक किंचाळली, "आत्या राहिली!" एक म्हातारी खडकाच्या पलीकडच्या अंगाला होती. तिला लाँच दिसलीच नव्हती.

मी वायरलेसवर सांगायला गेले, तर काका म्हणाले, "ऐकलं मी." आणि लाँच वळवली.

म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात खुणेच्या खांबाला मिठी मारून होती. तिला घेऊन ते परत तोंडाशी आले, मी उसंत बघून "आता" म्हटलं, ते शिरले आणि ऐन तोंडात मशीन बंद पडलं. मागून लाट आली. तिने लाँच अलगद उचलली, बाबा, अगदी जपून उचलावी तशी, आणि दगडी बांधावर टेकवली. काकांनी म्हातारीला बांधाच्या पायरीवर ढकललं. लाँच परत घसरली तेव्हा त्यांचा हात दोहोंच्या मध्ये सापडला.

म्हातारी सुखरूप आहे. काकांचा हात दोन ठिकाणी मोडलाय. लाँच गेली. तळ फुटला, त्याच जागी बुडाली. ओहोटीला टपाचा कोपरा दिसतो.

काका आपल्या घरी आहेत, तुमच्या पलंगावर. मला म्हणाले, "लिही, लाँच माझ्या हातून गेली. तुझं नाव मध्ये आणू नकोस." मी आणलंय. किल्ली मी दिली, "आता" मीच म्हटलं. उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा देईन. तुम्हाला वाईट वाटेल हे कळतं, आणि त्यासाठी मी रोज रडते. पण दिल्याबद्दल नाही.

रागावलात तर रागाचं लिहा. पण लिहा.

तुमचीच,
मुलगी


ता. ३०, शनिवार

धाकट्या,

आशीर्वाद. मी सांगतोय आणि सूनबाई लिहून घेतेय. माझी भाषा तिला खरबरीत वाटते, म्हणून मध्येच रंधा मारते. तरी कळेल तुला.

पोरीचं पत्र ऐकलं. खोटं कशाला सांगू, लाँच गेली ऐकून त्या दिवशी मी जेवलो नाही. तुझ्या हाताचं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. असा आहे मी. तुला काही नवीन नाही.

मग सूनबाईला म्हटलं, म्हातारीचा भाग परत वाच. तिने वाचला. मी पुन्हा वाच म्हटलं. दुसऱ्या फेरीला मी गेलो असतो का रे? लोकांना सांगताना गेलो असतो असंच सांगेन. पण तुला सांगतो, ठाऊक नाही.

पोरीला म्हणावं, तिने वेळ चुकवली नव्हती. मशीनचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही. तिला रडू देऊ नकोस.

मुलगा मला मंगळवारी गाडीत बसवून देतोय. पलंगावरून उठायचं नाटक करू नकोस; मी खाली अंथरूण घालीन. मला आता लांबचं दिसत नाही. ओहोटीला मला बांधावर ने आणि टपाचा कोपरा कुठे आहे ते बोटाने दाखव. चांगल्या हाताच्या.

तुझा
दादा

(काका, शेवटचे दोन शब्द बाबांनी माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिलेत. ओळ वाकडी गेलीय, ती मी तशीच ठेवली. — सूनबाई)