पुण्याहून न आलेली पत्रं

गिरगाव, १२ ऑगस्ट २०२५
ती. देविकाताईस,
शि. सा. न. वि. वि.
वर्गात प्रायश्चित्तावर मी तासभर बोलतो. स्वतःवर आलं तेव्हा मात्र फोन करायचं धाडस होईना, म्हणून टपालाचा आधार.

परवा कुशाबा नावाचे गृहस्थ आले. एक पाय कृत्रिम, माझगावला गोदीत वॉचमन. कारगिलच्या वेळी श्रीनगरच्या लष्करी इस्पितळात तू त्यांना जगवलंस, म्हणून पाया पडायला आले होते. आईने चहा दिला आणि सांगितलं, की घर चुकलात, आमची देविका तेव्हा पुण्यात होती.

ताई, हे तिला मीच सांगितलं होतं. काचबिंदूने तिची दृष्टी गेलेली, तुझी पत्रं मी वाचून दाखवायचो. तू लिहायचीस जखमा. मी वाचायचो पुण्याची हवा आणि मेसमधली पुरणपोळी. तिने घाबरू नये, एवढाच हेतू. मग बाबा गेले. आईला एवढंच ठाऊक, की पुणं चार तासांवर आहे आणि मुलगी आली नाही. सव्वीस वर्षं ती तुझ्याशी तुटक वागते ती यामुळे. तू त्या दिवसांबद्दल बोलत नाहीस, ती विचारत नाही; माझं फावलं.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा
चिंतामणी

डेहराडून, १९ ऑगस्ट
चि. चिंतामणीस आशीर्वाद, या खेपेला हात आखडून.
पत्र वाचलं आणि वाळलेले कपडे पुन्हा वाळत घातले. मला वाटायचं, आईला माझी वर्दीच खुपते. आणि पुरणपोळी? गाढवा, निदान मला आवडणारं काहीतरी खाऊ घालायचंस!

बाबा गेल्याची तार आली तेव्हा मी कुशाबांचं ड्रेसिंग करत होते. तार खिशात घातली आणि पुढच्या खाटेकडे गेले. हेही लिहिलं होतं. पत्रं जपली असशील, तर आईसमोर बस आणि वाच. एक ओळ गाळायची नाही. क्षमेचं नंतर पाहू.
माया आहे, रागही आहे.
ताई

गिरगाव, २ सप्टेंबर
चि. देविकास आईचे अनेक आशीर्वाद.
मी सांगते तसं शेजारची वल्लरी लिहिते आहे. चिंतामणीला बाहेर बसवलंय. त्याने सगळी पत्रं वाचली. तारेपाशी अडला, तेव्हा मीच पुढे वाच म्हटलं. कुशाबांना परत बोलावून घर बरोबर होतं म्हणून सांगितलं.

बाबांच्या तेराव्याला चार लोकांत मी तुझ्यामागे तुझ्याबद्दल नको ते बोलले होते. ऐकणारे निम्मे आता हयात नाहीत, कुणाकुणाला जाऊन सांगू?

तार खिशात ठेवून त्या दिवशी तू जेवलीस का, ते मात्र पत्रात नाही. कळव. उत्तर वल्लरी वाचील.
तुझी
आई