चिमीची जागा

ताई,

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी मी नुसती भेटायला नव्हे, माझ्या चिमीला न्यायला आले होते.

ऑफिसच्या पाळणाघरात मी साहेबलोकांची मुलं सांभाळते, पण कंत्राटी बाईच्या लेकराला तिथे जागा नाही, असा नियम. म्हणून सहा महिन्यांची लेक तुझ्या ओटीत घातली. तीन वर्षांनी मी कायम झाले, तिला जागा मिळाली.

पण ती तुझ्यामागे लपून म्हणाली, "आई, ही मावशी कधी जाणार?"

तू कानकोंडी झालीस. मीच हसून म्हटलं, "पाचच्या गाडीनं, बाळा."

तिला रागावू नकोस. आज मी पाळणाघरातली तिची जागा सोडल्याचं लिहून दिलं. उद्या तिथे दुसरं मूल येईल. त्यालाही मीच भरवीन.

तुझी धाकटी